धारचं खोकं आणि तीनशे चाळीसावी ओळ

किस्से कुणी ठरवून साठवत नाही. फ्लॉप्यांसारखे ते आपोआप साठतात. फरक एवढाच, की फ्लॉप्या जुन्या झाल्या की वाचता येत नाहीत आणि किस्से जुने झाले की जास्त स्वच्छ वाचता येतात. निदान मला तसं वाटतं. चुकतही असेन. माझं पुष्कळ वेळा चुकतं, आणि त्यातली एक चूक तर अशी आहे, की खरं म्हणजे तिच्यासाठीच मी हे सगळं लिहायला बसलो आहे!

आमचा चौघांचा कंपू आहे. आम्ही जुने संगणक वापरतो. जमवत नाही, वापरतो! काचेच्या कपाटात ठेवून फोटो काढणारे लोक वेगळे. आमची खोकी रोज सकाळी सुरू होतात, कुरकुरतात आणि कामाला लागतात.

धारला बापूराव आहेत. त्यांचे पूर्वज संस्थानच्या दफ्तरात होते. ते स्वतः शाळेत संस्कृत शिकवून निवृत्त झाले आणि आता पौरोहित्य करतात. देवासला कुसुमताई आहेत, मराठी शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. देवासलाच महेश भिया, म्हणजे महेशभैया, आहे. तो आमच्यापेक्षा वीस वर्षांनी लहान, अस्सल माळव्याचा, संगणक दुरुस्तीचं दुकान चालवणारा. मराठी सगळी समजते, बोलतो मात्र हिंदीच. आणि चौथा मी. गणितात डॉक्टरेट केली, कॉलेजात आयुष्यभर गणित शिकवलं, आणि अजूनही दाराला कुलूप लावल्यावर तीनदा ओढून पाहतो.

महिन्यातून एकदा रविवारी आम्ही भेटतो. कधी देवासला महेशच्या दुकानात, कधी धारला बापूरावांकडे. आणि मग कुणीतरी म्हणतं, "अरे, ती गंमत सांगितली का तुम्हाला?"

* * *

सुरुवात बापूरावांच्या खोक्यापासून करतो, कारण माझी सगळी काळजी त्याच खोक्यात आहे.

हा काळ्या पडद्याचा, हिरव्या अक्षरांचा, डॉसवर चालणारा संगणक. जवळजवळ तीस वर्षांपूर्वी त्याच्यावर मी बापूरावांसाठी एक प्रोग्रॅम लिहून दिला. माणूस गेल्याची इंग्रजी तारीख आणि वेळ घातली, की प्रोग्रॅम तिथी काढतो. आणि मग दर वर्षी त्या तिथीचं श्राद्ध कुठल्या तारखेला येतं, तेही सांगतो.

मी तो हौसेखातर लिहिला होता. पण आपल्या लोकांचं काय झालं, की घरं इंदूरला गेली, पुण्याला गेली, अमेरिकेला गेली. तिथ्या कुणाच्या लक्षात राहिल्या नाहीत. दवाखान्याच्या कागदावरची तारीख तेवढी उरली. मग फोन यायला लागले, "बापूराव, बाबांची तिथी यंदा कधी?" बापूराव खोक्याला विचारून सांगायचे. हळूहळू धारची आणि देवासची किती मराठी घरं आपापल्या पितरांना माझ्या प्रोग्रॅमच्या हिशोबानं जेवायला वाढायला लागली!

माझी झोप उडाली. मी बापूरावांना म्हणायचो, "एकदा सगळं पंचांगाशी ताडून पाहा हो. माझी कुठेतरी चूक असणार."

"पाहिलं की. दहा नावं ताडली. दहाही बरोबर."

"अकरावं?"

बापूराव पान लावता लावता थांबले. म्हणाले, "प्राध्यापक, तुमच्या प्रोग्रॅमवर अख्ख्या धारचा विश्वास आहे. एक तुम्ही सोडून!"

* * *

या खोक्याचा आतला सेल केव्हाच संपला आहे. त्यामुळे त्याला काल काय होतं ते आठवत नाही. रोज सकाळी सुरू केलं की ते आधी तारीख विचारतं, मग वेळ विचारतं. दोन्ही सांगितल्याशिवाय पुढे हलत नाही.

बापूरावांना हे फार आवडतं. आंघोळ करून, धूतवस्त्र नेसून ते खोक्यासमोर बसतात. पूजेच्या आधी संकल्पात आपण म्हणतो ना, अमुक संवत्सर, अमुक मास, अमुक पक्ष, अमुक तिथी, अमुक वार? ते सगळं मोठ्यानं म्हणतात आणि मग तारीख टाइप करतात.

महेश भियाला हे पहिल्यांदा पाहून राहवेना. "गुरुजी, सेल बदल दूँ? दो मिनिट का काम है. फिर ये रोज-रोज नी पूछेगा."

"नको रे बाबा."

"क्यों?"

"मी तारीख सांगतो म्हणून त्याला कळतं, मालक अजून आहे!"

* * *

एकदा बापूराव चार दिवस नेमावरला गेले होते, नर्मदेवर कुणाचं तरी कार्य होतं. मागे फोन आला तर बघायचं काम सूनबाईंवर. सूनबाई हुशार, पण इंदूरच्या हिंदी शाळेत शिकलेल्या, आणि संकल्प वगैरे भानगडीत पडणाऱ्या नव्हेत. खोक्यानं तारीख विचारली, त्यांनी नुसतं एंटर दाबलं. वेळ विचारली, पुन्हा एंटर!

आता, या जातीच्या संगणकाला तारीख सांगितली नाही, की तो समजतो आज एक जानेवारी एकोणीसशे ऐंशी.

तेवढ्यात भोपाळहून एका गृहस्थांचा फोन आला. आईचं श्राद्ध यंदा कधी येतंय? सूनबाईंनी नाव घातलं. प्रोग्रॅममध्ये मी एक खबरदारी घेऊन ठेवली होती. चुकून पुढची तारीख पडू नये म्हणून, माणूस गेल्याची तारीख जर आजच्या तारखेच्या नंतरची असेल, तर पडद्यावर इंग्रजी अक्षरांत लिहिलेली एक मराठी सूचना यायची. ती आली.

सूनबाईंनी ती फोनवर जशीच्या तशी वाचून दाखवली, "काका, इथे लिहून येतंय, 'ही व्यक्ती हयात आहे.'"

सूनबाईंना वाटलं फोन कटला.

मग ते गृहस्थ हळूच म्हणाले, "पुन्हा एकदा बघता का?"

बापूरावांनी परत आल्यावर मला हे सांगितलं तेव्हा मी ती सूचना काढून टाकायला निघालो होतो. ते नको म्हणाले. ते गृहस्थ सत्तरीचे होते.

* * *

कुसुमताईंचं खोकं वेगळ्या स्वभावाचं आहे. त्यात मराठी अक्षरं दाखवणारं एक कार्ड बसवलेलं आहे, त्या जमान्यातलं. देवासातल्या मराठी घरांच्या लग्नाच्या, मुंजीच्या, डोहाळजेवणाच्या, साठीशांतीच्या पत्रिका अजून त्याच्यावरच तयार होतात, कारण नव्या पिढीला 'चि. सौ. कां.' कुठे लावायचं ते माहीत नसतं आणि कुसुमताई त्याशिवाय पत्रिका हातात देत नाहीत.

पण ते कार्ड जागेवर सैल झालं आहे. मधेच सुटतं, आणि पडद्यावरच्या मराठीचे चौकोन, बाण आणि हृदयं होतात. महेशनं तीनदा काढून बसवलं, पुसलं, कागदाची पाचर मारली. उपयोग शून्य! कुसुमताईंचा उपाय एकच. टेबलावर त्यांची शाळेतली लाकडी पट्टी असते. ती उचलायची, खोक्याच्या डाव्या कुशीवर एक सणसणीत फटका द्यायचा आणि म्हणायचं, "नीट!"

अक्षरं नीट!

एकदा त्यांचा एक जुना विद्यार्थी मुलाच्या मुंजीची पत्रिका करून घ्यायला आला. आता बराच मोठा सरकारी अधिकारी. बाहेर गाडी, गाडीत ड्रायव्हर, दारात शिपाई. साहेब खुर्चीत पायावर पाय टाकून बसलेले. मीही होतो तिथे. मुलाचं नाव टाइप होत होतं आणि कार्ड सुटलं. मुलाच्या नावाच्या जागी तीन बाण आणि एक हृदय.

कुसुमताईंनी पट्टी उचलली. "नीट!"

पडद्यावर मराठी परत आलं. मी टाळी वाजवणार, तेवढ्यात शेजारी पाहिलं.

साहेब डावा हात पुढे करून उभे होते!

* * *

महेश भियाच्या दुकानात एक ठोकळा आहे, त्याच्याच वयाचा म्हणा ना. दुरुस्तीला आलेल्या मशिनीची पावती तो त्याच्यावरच काढतो, कडेला भोकं असलेल्या लांबच लांब कागदावर, सुईच्या प्रिंटरनं. तो प्रिंटर चालायला लागला, की शेजारचा कचोरीवाला आपलं बोलणं थांबवतो. दुसरं काही ऐकूच येत नाही.

एक तरुण आला, हैदराबादेत नोकरी करणारा, घरी सुट्टीवर आलेला. हातात पापडासारखा पातळ लॅपटॉप. पावती निघत होती. ती निघता निघेना. तो इकडेतिकडे पाहून हसला. "अंकल, ये दुकान है के म्यूझियम?"

महेशनं मान वर केली नाही. कागद फाडला, घडी घातली, त्याच्या हातात दिला.

"म्यूझियम में तो बंद पड़ी चीज़ें रेती हैं, भिया. म्हारी तो चालू है. बंद तो तमारी है, जबी तो आए हो!"

* * *

मग तो डही गावचा प्रवास.

गेल्या दिवाळीनंतर बापूरावांच्या खोक्यातून आवाज यायला लागला. कट्... कट्... कट्. मी फोनवर ऐकला आणि लगेच ओळखलं. हार्ड डिस्क बिघडत चालली होती. महेश म्हणाला, माझ्याकडे दुसरी जुनी डिस्क पडलेली आहे, ती बसवू. पण प्रोग्रॅम? तो होता एका मोठ्या, जुन्या, लवचीक फ्लॉपीवर. आणि ती वाचणारा ड्राइव्ह आमच्यापैकी कुणाकडेच चालू नव्हता.

महेशनं दहा ठिकाणी विचारलं. पत्ता लागला तो डहीचा, पार धार जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला. तिथे एका निवृत्त मास्तरांच्या घरी तसला ड्राइव्ह आहे, आणि चालतो! आम्ही चौघं महेशच्या व्हॅनमधून निघालो. बापूरावांनी शिदोरी घेतली, कुसुमताईंनी पट्टी घेतली. का, ते विचारू नका.

डहीला पोहोचलो तर मास्तर दारात उभे. आत या म्हणेनात. "कौन-सा ड्राइव्ह? म्हारे पास कंई नी है."

महेशनं हात जोडले, बापूरावांनी आपलं गाव सांगितलं, मी माझी डिग्री सांगितली. डिग्री सांगितल्यावर तर त्यांचा संशय आणखी वाढला! मागून कळलं, की पूर्वी दोघंजण असेच येऊन, ड्राइव्ह बघतो म्हणून, त्यातला तांब्याचा ऐवज काढून घेऊन गेले होते. शेवटी मास्तर म्हणाले, "एक सवाल पूछता हूँ. फ्लॉपी पे लेबल चिपका दिया. अब उस पे नाम लिखना है. कायसे लिखोगे?"

आम्ही चौघं एका सुरात ओरडलो, "स्केच पेन से!"

ज्यांनी फ्लॉप्या वापरल्या नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. बॉलपेननं दाबून लिहिलं, की आतली तबकडी दुखावते. हे पुस्तकातून कळत नाही. एखादी फ्लॉपी स्वतः बिघडवल्यावरच कळतं.

मास्तरांचा चेहराच बदलला. आत नेलं, मक्याच्या कणसांच्या ढिगाखालून ड्राइव्ह काढला, वर मक्याची भाकरी आणि लसणाची चटणी खायला घातली. निघताना ड्राइव्ह महेशच्या हातात देत म्हणाले, "दाब के लिखने वाले को मैं कंई नी देता."

* * *

एवढं करून आणलेला तो ड्राइव्ह उत्तम चालला. फ्लॉपी चालली नाही!

तिच्यावर बुरशी धरली होती. पांढरी, पावावर धरते तशी. आता उरला एकच मार्ग. प्रोग्रॅम लिहिला तेव्हा मी त्याची छापील प्रत काढून बापूरावांच्या ट्रंकेत ठेवली होती. लांबच लांब पिवळा पडलेला कागद. तो समोर ठेवून ओळन् ओळ पुन्हा टाइप करायची. माणसांची नावं, तारखा, वेळा बापूरावांच्या नोंदवहीत होत्याच.

महेशनं डिस्क बदलली. बापूरावांनी संकल्प केला. मी कीबोर्डवर बसलो आणि कुसुमताई कागद घेऊन वाचायला बसल्या. त्यांना प्रोग्रॅममधलं ओ की ठो कळत नाही, पण शुद्धलेखन घालायची सवय चाळीस वर्षांची. "ओळ दहा," मग वीस, मग तीस (मधे नवी ओळ घालायला जागा राहावी म्हणून ओळींचे आकडे असे दहादहानं वाढतात), असं म्हणून त्या एकेक चिन्ह स्पष्ट उच्चारायच्या, मी टाइप करायचो, मग त्या पडद्यावर येऊन तपासायच्या. दुपारपर्यंत तीनशेच्या पुढे आलो. मी इतका आनंदात होतो! तीस वर्षांपूर्वीचा मी, ओळीओळीनं परत भेटत होतो. "वा, इथे किती सुरेख केलंय," असंही एकदा बोलून गेलो. तेवढंच बाकी राहिलं होतं.

"ओळ तीनशे चाळीस," कुसुमताई म्हणाल्या, आणि वाचून थांबल्या. "हे काय आहे?"

मी उत्साहानं समजावलं. इंग्रजी तारीख मध्यरात्री बदलते, आपला वार सूर्योदयाला. म्हणून कुणी मध्यरात्रीनंतर आणि सूर्योदयाच्या आधी गेलं असेल, तर वार बरोबर यावा म्हणून इथे तारखेतून एक दिवस वजा केलाय.

"बरं. मग वार काढला?"

"हो, पुढच्याच ओळीत."

"आणि मग तिथी काढली?"

"हो. तिथीला मात्र मूळ तारीखच लागते."

"मग तो वजा केलेला दिवस परत मिळवलात कुठे?"

मी कागद हातात घेतला. तीनशे पन्नास. तीनशे साठ. शेवटपर्यंत गेलो. परत आलो.

कुसुमताई चष्म्यावरून माझ्याकडे पाहत होत्या. चौथीतल्या मुलाकडे पाहावं तसं. "हातचा घेतलात डॉक्टरसाहेब, आणि विसरलात."

कुठेच मिळवला नव्हता! जो कुणी मध्यरात्र ते पहाट या वेळात गेला, त्याची तिथी माझ्या प्रोग्रॅमनं एकानं आधीची काढली होती. बापूरावांनी ताडून पाहिलेली ती दहा माणसं, दहाही, दिवसाउजेडी गेलेली होती.

महेश पुटपुटला, "अकरावाँ देखना था, सरजी."

* * *

नोंदवहीत तशी पाच नावं निघाली. दुरुस्तीची एक ओळ घातली, तीनशे पंचावन्न, आणि मी फोन करायला बसलो. बापूराव म्हणाले, मी करतो. मी म्हणालो, नाही, चूक माझी आहे.

पहिला फोन पुण्याला. मी सगळं सांगितलं, सूर्योदय, मध्यरात्र, हातचा. पलीकडचे गृहस्थ शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "सर, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. आम्ही तिथीच्या जवळचा रविवार धरतो!"

दुसरे म्हणाले, पुढच्या वर्षीपासून बदलतो. तिसऱ्या घरी आता कुणी करणारंच उरलं नव्हतं. चौथ्या घरच्या बाईंनी मलाच धीर दिला आणि माझं ब्लडप्रेशर विचारलं.

पाचवं नाव फोनवर उरकण्यासारखं नव्हतं. ते होतं धारच्या इंदूकाकूंच्या यजमानांचं. बापूरावांच्या मागच्याच गल्लीत घर. काकूंचं वय शहाऐंशी, सोवळं कडक, बोलणं त्याहून कडक. काका इंदूरच्या दवाखान्यात पहाटे चारला गेले होते. त्या धांदलीत तिथी कुणी टिपली नाही. सत्तावीस वर्षं काकू माझ्या प्रोग्रॅमवर विसंबून स्वयंपाक करत आल्या होत्या.

आणि यंदाची तिथी दहा दिवसांवर आली होती.

* * *

आम्ही चौघंही गेलो. काकू ओसरीवर वाती वळत बसल्या होत्या. त्यांचा मुलगा मधू बाजूला पेपर वाचत होता. मी वाकून नमस्कार केला आणि उभ्यानंच सगळं सांगून टाकलं. मधूनं पेपर खाली ठेवला.

काकूंचा हात वातीवर थांबला. "म्हणजे आम्ही षष्ठीला वाढत होतो?"

"हो काकू."

"आणि ते सप्तमीचे?"

"हो."

"सत्तावीस वर्षं?"

मी नुसती मान हलवली. बापूराव कसलासा श्लोक आठवायला लागले, प्रायश्चित्ताचा असावा.

काकूंनी वातींचं तबक बाजूला सारलं आणि मांडीवर थाप मारली. "तरीच!"

"तरीच काय, आई?" मधूनं विचारलं.

"अरे, पान ठेवायचा अवकाश, की कावळा हजर! सत्तावीस वर्षं! मी दर वर्षी म्हणते, हे कोण येतंय? माझ्या हयातीत या माणसाला बाराच्या जेवणाला बाराला आलेलं मी पाहिलं नाही. नगरपालिकेत बसायचे, चौकात बसायचे, कुणाच्या दुकानात बसायचे. मी आपली पान घेऊन बसलेली. आणि गेल्यावर एकदम वेळेवर? माझ्या मनाला पटतच नव्हतं हो!"

मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "सप्तमीला तुम्ही सगळे जेवायला इकडेच या. आणि तुम्ही, डॉक्टर, मुकाट्यानं पोटभर जेवायचं. तोंड बघा कसं केलंय!"

सप्तमीला आम्ही गेलो. महेश भिया नवा कुडता घालून आला. श्राद्ध झालं, आणि मधूनं गच्चीच्या कठड्यावर पान ठेवलं. वरण, भात, खीर, वडे, आमसुलाची चटणी, गवारीची भाजी. साडेबारा वाजले होते. कावळा शिवला, की खाली पानं वाढायची.

समोरच्या निंबावर पाच कावळे बसलेले. एकही हलेना.

एक वाजला. दीड वाजला. मी खिशातला कागद काढून हिशोब पुन्हा केला. मग पुन्हा. एक दिवस मिळवायचा होता की दोन? आज सप्तमी आहे ना? काल तर नव्हती ना? दोन वाजता बापूरावांनी घसा साफ केला. "काकू, शास्त्रात सोय आहे. कावळा आला नाही, तर दर्भाचा करून शिववता येतो."

"बसा स्वस्थ."

अडीच. महेशच्या पोटातला आवाज मला ऐकू येत होता. कुसुमताईंनी हळूच माझ्या हातातला कागद काढून घेतला आणि घडी करून आपल्या पर्समध्ये टाकला. तीन वाजता मधू म्हणाला, "आई, मुलांना तरी वाढू या का?" काकूंनी नुसतं पाहिलं. तो खाली बसला. काकू जिन्याच्या पायरीवर, भिंतीला पाठ टेकून, गुडघ्यांवर हात ठेवून बसल्या होत्या. शहाऐंशी वर्षांची बाई, सकाळपासून उपाशी. पण चेहऱ्यावर वैताग नाही, काळजी नाही. उलट, कसं सांगू, मला तर त्या मजेत दिसत होत्या.

चारला पाच मिनिटं कमी असताना एक कावळा आला. निंबावरच्या पाचांतला नव्हे. चौकाच्या बाजूनं, एकटा, रमतगमत. आधी शेजारच्या कौलांवर बसला. तिथे काहीतरी टोचून पाहिलं. मग पाण्याच्या टाकीवर बसला. मग कठड्याच्या दुसऱ्या टोकाला. सावकाश चालत तो पानापाशी आला, मान वाकडी करून सगळ्या पदार्थांकडे एकदा पाहिलं, आणि वडा उचलला.

महेशचे हात आपोआप जोडले गेले होते.

इंदूकाकू भिंतीला धरून उठल्या. पदर खांद्यावरून पुढे घेतला, आणि कठड्याकडे पाहून म्हणाल्या,

"आलात? वरण गार झालंय."